बहुभुजाच्या कोनांची बेरीज: नियम जुना, पण प्रूफ?

बाजू मोजा, दोन वजा करा, १८० ने गुणा, झाली आंतरकोनांची बेरीज. शाळेत हे इतकं पटकन उरकतात की वाटतं युक्लिडनेच लिहून ठेवलं असणार. तसं नाहीये. इ.स.पूर्व ३०० च्या आसपासच्या त्याच्या ग्रंथात पहिल्या भागातलं ३२ वं प्रमेय फक्त त्रिकोणाचं आहे, तिथेही अंश वगैरे काही नाही, 'दोन काटकोन' एवढंच. बहुभुजाचा नियम पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक पंडिताच्या युक्लिडवरच्या भाष्यात मिळतो, आणि पुढे १७५६ मध्ये स्कॉटिश गणिती रॉबर्ट सिम्सनने आपल्या युक्लिडच्या आवृत्तीत तो त्याच ३२ व्या प्रमेयाखाली उपसिद्धांत म्हणून दिला. त्याची पद्धत अशी, की आत एक बिंदू घ्या, सगळ्या शिरोबिंदूंना जोडा, जितक्या बाजू तितके त्रिकोण होतात, मग बिंदूभोवतीचे चार काटकोन वजा करा.

आपल्याकडे गंमत वेगळीच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या सुसम (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या) बहुभुजांच्या बाजू दिल्यात, त्रिकोणाची १०३९२३, पंचकोनाची ७०५३४, षट्कोनाची बरोब्बर ६००००, असं करत थेट नऊ बाजूंपर्यंत. सप्तकोनाला ५२०५५ म्हटलंय, खरी येते ५२०६६ च्या आसपास, म्हणजे फरक किती किरकोळ बघा! पण कोन किती, हे तिथे कोणी विचारतच नाही, सगळा भर जीवांवर, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेघांच्या लांबीवर. युक्लिड संस्कृतात आला तो अठराव्या शतकात, सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून केलेल्या 'रेखागणित'मधून, आणि तो छापला गेला मुंबईत, १९०१-०२ मध्ये.

आता मला खरा इंटरेस्टिंग वाटणारा भाग. सिम्सनचा बिंदू असो की एका शिरोबिंदूतून कर्ण काढणं असो, आकृती फुगीर असेल, म्हणजे तिचा एकही कोपरा आत वळलेला नसेल, तर दोन्ही चालतं. पण कंगव्यासारखी दातेरी आकृती काढा, कुठलाही बिंदू घ्या, त्याला सगळे कोपरे आतूनच जोडता येणार नाहीत, रेघा बाहेर जातात. बेरीज तरीही तीच येते, फक्त आत वळलेला कोन १८० पेक्षा मोठा धरायचा. मग कुठलाही बहुभुज नुसत्या आतल्या कर्णांनी त्रिकोणांत कापता येतोच कशावरून? हे शतकानुशतकं सगळे गृहीत धरून चालले होते. नीट छापील प्रूफ एन. जे. लेनेस या गणितीचं, १९११ चं!

आज कॉलेजात जे शिकवतात ते असं: सगळ्यात डावीकडचा शिरोबिंदू घ्या (असे दोन असले तर खालचा) आणि त्याचे दोन शेजारी जोडा. रेघ पूर्ण आत असेल तर तोच कर्ण, आणि नसेल तर त्या तिघांच्या त्रिकोणात जे कोपरे घुसलेत त्यातला त्या रेघेपासून सगळ्यात लांबचा पकडून डावीकडच्याला जोडा, तो कर्ण आतच राहतो. मग दोन्ही तुकड्यांवर तेच परत.

इतक्या उघड गोष्टीला प्रूफ कशाला, असं वाटत असेल तर एक मिती वर जाऊन बघा. सपाट पृष्ठांची घनाकृती नवीन शिरोबिंदू न घेता चतुष्फलकांत (चार त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतींत) कापता येतेच असं नाही, हेही लेनेसनेच दाखवलं, आणि १९२८ मध्ये शोनहार्ट या गणितीने फक्त सहा शिरोबिंदूंची एक आकृती दिली, तिच्यात आतून जाणारा एकही कर्ण निघत नाही.