‘ऐकू येतं, पण कळत नाही’: श्रवणयंत्राची पार्श्वभूमी

फोंड्याकडच्या देवळांत भजनाला बसलेली वयस्क मंडळी हाताचा पंजा कानामागे धरून ऐकतात. आवाज वाढवण्याचं हे सगळ्यात जुनं साधन. पंजा जास्त आवाज गोळा करतो आणि कानात वळवतो. युरोपात सतराव्या शतकापासून वापरलेले कर्णेही हेच करत: एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं.

त्यातल्या सर्वांत थाटाच्या कर्ण्याचा धागा गोव्याशी जुळतो. सहावे दॉम जुआंव, म्हणजे ज्यांच्या नावाने तेव्हा इथला कारभार चालायचा ते पोर्तुगालचे राजे, कानाने अधू होते. त्यांच्यासाठी 1819 च्या सुमारास लंडनच्या एफ. सी. राइन यांनी एक सिंहासन घडवलं. त्याच्या पोकळ हातांच्या टोकांना सिंहाचे उघडे जबडे होते. भेटीला आलेला माणूस गुडघे टेकून जबड्यात बोलायचा. आवाज आसनाखालच्या पेटीत जाऊन नळीने राजाच्या कानापर्यंत पोचायचा.

कर्णा आवाज गोळा करतो, त्यात नवी ताकद घालत नाही. ती ताकद बॅटरीने आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांनी टेलिफोनमधला कार्बन मायक्रोफोन श्रवणयंत्रात आणला. आवाजाच्या दाबाने कार्बनचे कण दबतात, सुटतात, तसा विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि कानाजवळचा पडदा जोराने हलतो. पण त्यात खरखर फार. 1920 नंतर जुन्या रेडिओतल्यासारख्या निर्वात नळ्यांची (व्हॅक्यूम ट्यूबची) यंत्रं आली. त्यांनी आवाज चांगला वाढे, पण बॅटऱ्यांचं ओझं अंगावर वागवावं लागे.

ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याकडे रेडिओच आठवतो. प्रत्यक्षात 1947 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेला, निर्वात नळीचं काम करणारा हा चिमुकला भाग रेडिओच्या आधी, 1952 च्या शेवटी, श्रवणयंत्रातून बाजारात आला. यंत्र खिशात मावलं. पुढे शर्टाच्या खिशात डबी आणि कानापर्यंत वायर हे चित्र आपल्याकडे घरोघरी दिसलं. त्यात माइक आणि स्पीकर लांब असल्याने शिट्टी कमी वाजायची, पण खिशातल्या कापडाची सळसळही मोठी होऊन कानात शिरायची. यंत्र कानामागे आलं तेव्हा ती सळसळ थांबली. मात्र कानात घालायचा साचा सैल बसला की बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागली.

खरी अडचण वेगळीच होती, आणि तिच्यामुळे कितीतरी यंत्रं कपाटात पडून राहिली. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, ‘स’, ‘श’सारखी व्यंजनं निसटतात. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ वाटतं. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असं आजोबा म्हणतात तेव्हा ते अगदी अचूक निदान करत असतात. त्याला हट्ट समजून ओरडून बोलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जुनी यंत्रं सगळ्यालाच सारखी वाढ देत. 40 डेसिबलची वाढ धरली, तर 50 चं हळू बोलणं 90 होणार आणि शिमग्याचा 80 चा ढोल 120! एवढा आवाज सहनच होत नाही. म्हणून यंत्र त्याचा माथा छाटायचं आणि शब्द चिरके व्हायचे. त्यातून ‘कम्प्रेशन’ची कल्पना पुढे आली: हळू आवाजाला जास्त वाढ, मोठ्याला कमी.

1996 मध्ये कानावर बसणारी पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली आणि ही कल्पना नीट साधली. ती आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन त्यांचे आकडे करतात, पट्ट्यांत विभागतात आणि श्रवणचाचणीत जी पट्टी कमी दिसली तिलाच वाढ देतात. शिट्टीवर उलट्या लहरीचा उतारा देतात. समोरच्याचं बोलणं मागच्या गोंगाटातून पुढे आणायला दोन माइक असतात. म्हणूनच आईचं यंत्र मावशीने लावून चालत नाही. वाढीचं गणित एकाच कानासाठी मांडलेलं असतं.

आज कानामागे पूर्ण यंत्र आणि नळी, कानामागे यंत्र पण स्पीकर कानात, किंवा सगळंच कानाच्या पोकळीत, असे प्रकार मिळतात. खूपच कमी ऐकू येणाऱ्याला पहिलाच बरा, कारण मोठा स्पीकर आणि मोठा सेल त्यातच मावतो. स्पीकर कानात असला की मळ आणि घाम थेट त्याच्यावर जातो. नळीवाल्यात पावसाळ्यात पाण्याचा बारीक थेंब अडकतो आणि यंत्र मुकं होतं. गोव्याच्या जून-जुलैच्या दमट हवेत यंत्र बिघडलं असं वाटलं, तर आधी नळी काढून फुंकावी आणि रात्री सेल काढून यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावं.