वैद्यकीय संज्ञासंग्रह

रोग, लक्षणे, अवयव, तपासण्या, औषधे आणि उपचार यांच्या संज्ञा व्याख्येसह नोंदवून त्यांचे परस्परसंबंध ठरवून देणाऱ्या संग्रहाला वैद्यकीय संज्ञासंग्रह म्हणतात. असे संग्रह अनेक आहेत आणि प्रत्येकाची मांडणी त्याच्याकडून अपेक्षित कामावर ठरते. त्यामुळे एकच आजार निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळ्या गटांत आढळतो.

आजार व मृत्यू यांची मोजदाद हे आयसीडी या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे काम होय. झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत त्याचे मूळ आहे. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे असून अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. उदाहरणार्थ, जालना, परभणी, बीड या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत फवारणीच्या हंगामात घामाने भिजलेला, लाळ गळणारा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेला शेतमजूर दवाखान्यात आणला जातो, तेव्हा केसपेपरवर बहुधा ‘ओपी पॉयझनिंग’ (ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा) एवढेच लिहिले जाते. दहाव्या आवृत्तीनुसार या विषबाधेचा संकेतांक टी६०.० हा आहे. पण विष अपघाताने अंगात भिनले असल्यास एक्स४८ आणि ते जाणूनबुजून घेतले असल्यास एक्स६८ असा बाह्य कारणाचा संकेतांक वेगळा द्यावा लागतो. ही दुसरी नोंद सुटणे किरकोळ मानता येत नाही, कारण तिच्याअभावी फवारणीतील अपघात आणि आत्महत्येचा प्रयत्न एकाच आकड्यात मिसळतात आणि दोहोंवरचे उपाय मात्र पूर्णपणे भिन्न असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये सुरू केलेला ‘मेश’ हा संग्रह संशोधनलेख शोधण्यासाठी आहे. तेथे एक संज्ञा अनेक शाखांत ठेवता येते: मधुमेहातील पायाची जखम अंतःस्रावी, रक्तवाहिन्यांच्या आणि त्वचेच्या अशा तिन्ही विकारांखाली सापडते. स्नोमेड सीटी हा संग्रह रुग्णाच्या नोंदीसाठी आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र क्रमांक असून समानार्थी नावे त्या क्रमांकाला जोडलेली असतात. तो चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे. या सर्व संग्रहांतील संज्ञा एकमेकींशी जोडण्यासाठी याच ग्रंथालयाने १९८६ मध्ये युएमएलएस प्रकल्प हाती घेतला.

वैद्यकपद्धती बदलली की गटांमागचा विचारच बदलतो. आधुनिक वैद्यकात कावीळ हे लक्षण आहे. कारण कळल्यावर तीच बाब विषाणुजन्य यकृतदाह म्हणून संसर्गजन्य रोगांत किंवा नवजात बालकांच्या विकारांत जाते. आयुर्वेदात कामला (कावीळ) हा स्वतंत्र व्याधी असून चरकसंहितेत त्याचे विवेचन पांडुरोगाबरोबर, म्हणजे शरीर फिकट पडण्याच्या विकाराबरोबर येते. अशा संज्ञांना निश्चित संकेतांक देण्यासाठी आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टल सुरू केले, आणि २०२५ मध्ये आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा स्वतंत्र विभाग समाविष्ट झाला.