शिवाजी पार्क (दादर)

शिवाजी पार्क : मुंबईत दादर पश्चिमेला, स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गालगतचे मैदान आणि त्याच्या चहूबाजूंची निवासी वस्ती. मैदान १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने लोकांसाठी खुले झाले. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. दाटीवाटीच्या मुंबईत ही वस्ती निवांत राहिली, याचे पहिले कारण ही मोकळी जागा आणि दुसरे म्हणजे रोज लागणारे सारे पायी गाठता येणे.

मैदानाभोवतीचा बसका कट्टा हा वस्तीचा दिवाणखानाच. त्याचा घेर सुमारे १.१७ किमी. रमतगमत एका फेरीला पाव तास पुरतो आणि पाच किलोमीटर चालायचे तर सव्वाचार फेऱ्या होतात. पहाटे ज्येष्ठ मंडळी, संध्याकाळी कॉलेजची मुले, रात्री जेवणानंतर कुटुंबे असे कट्ट्याचे मानकरी बदलत जातात. बसायला पैसे लागत नाहीत की काही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून गप्पा लांबतात. आत एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टिरक्षकाशेजारी उभा दिसतो; नवख्याने मैदान आडवे ओलांडण्याऐवजी कडेने जावे. रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला इथेच घडवले. समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब आवर्जून पाहावा. खांबाला एरंडेल चोळतात, त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पकड मात्र निसटती होते आणि ती सांभाळण्यातच कसब आहे. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाटकाला शिवाजी मंदिर, फुलांना स्टेशनजवळचा बाजार, मासळीला सिटीलाइटजवळचे गोपी टँक मार्केट, मुलांच्या शाळेला बालमोहन. दादर स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मेट्रो ३ ची दादर आणि शीतलादेवी मंदिर ही स्थानके मे २०२५ पासून सुरू आहेत. गाडी ठेवायला जागा मिळत नाही, हे घर घेण्यापूर्वीच धरून चालावे. जुन्या आराखड्यात वाहनतळाचा विचारच नव्हता. गणपतीत बरीच कुटुंबे कोकणात गावी जातात, तेवढे दिवस रस्ते मोकळे दिसतात.

सभा आणि मेळावे ही या मैदानाची जुनी ओळख. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी इथेच झाला. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्यांच्या मुक्कामाची सोय मैदानावर केली जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते. गाडीची कामे आधीच उरकून घ्यावीत. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. शांतता क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४० डेसिबल असते. वर्षातील ठरावीक दिवशीच खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना परवानगी मिळते.

खरा त्रास लाल धुळीचा. मैदानावर टाकलेली लाल माती सततच्या खेळाने भुसभुशीत होते आणि पायदळी येणारे गवत मूळ धरत नाही. दुपारी समुद्राकडून वारे सुटले की पूर्वेच्या इमारतींवर ही धूळ बसते. पाणी फवारले की काही तास आराम मिळतो, पण उन्हाने वरचा थर सुकला की पुन्हा तेच. त्या बाजूला घर असेल तर दुपारी मैदानाकडच्या खिडक्या बंद ठेवून पहाटे उघडाव्यात. तेव्हा वारे बहुधा जमिनीकडून वाहतात.

बऱ्याच जुन्या इमारती १९३०-४० च्या दशकांतल्या, दोन-तीन मजली, वळणदार गॅलऱ्यांच्या. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने खारी हवा काँक्रीटमध्ये शिरून सळ्या गंजवते. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. सुरुवात बहुधा गॅलरीच्या खालच्या बाजूने होते. सळईच्या रेषेत सरळ तडा, त्यावर तांबूस डाग आणि हातोडीने टकटक केल्यावर पोकळ आवाज, या तीन खुणा घर बघतानाच तपासाव्यात. नुसते प्लास्टर आणि रंग लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय. पुढच्या पावसाळ्यात तडा परत येतो. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) भरणे हाच टिकाऊ उपाय. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. अहवाल मागून घ्यावा.

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या घरात भाडे नाममात्र, पण मालकी घरमालकाचीच. जागा दुसऱ्याच्या नावे करताना घरमालक व्यवहाराच्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. पागडी घेण्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली. भाडेपावती विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि कुटुंबातील इतरांचा हक्क आहे का, हे आधी बघावे. बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात. २०१२ मध्ये वारसा परिसरांच्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कचे नाव आले, तेव्हा पुनर्विकास अडेल या भीतीने अनेक रहिवाशांनीच विरोध केला. जिना चढवत नाही अशा वयाच्या माणसांना लिफ्ट हवी असते, तेव्हा ही भीती गैर म्हणता येत नाही. मात्र उंच इमारती वाढल्या की त्याच अरुंद रस्त्यांवर गाड्या आणि त्याच जलवाहिन्यांवर नळजोड वाढतात. तो भार आसपासच्या जुन्या घरांनाही सोसावा लागतो.