पहाटे तीनची धडधड

दापोलीजवळच्या एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या हापूस बागायतदारांना पहाटे तीनला दचकून जाग येते आणि डोळे पुरते उघडण्याआधीच त्यांचा हात मोबाइलकडे जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने त्यांची निम्मी कलमे आडवी केली, तेव्हापासून वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अंदाजात काही नसले की हायसे वाटते, परंतु अर्ध्या तासाने पुन्हा तीच हुरहुर लागते.

धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग हायपोथॅलॅमसमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो आणि रक्तात उतरलेल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. पायवाटेवर फुरसे दिसले तर हीच यंत्रणा जीव वाचवते. मात्र कर्जाचा हप्ता, मुंबईला नोकरी शोधणारा मुलगा आणि घरातल्या आईचे आजारपण यांच्यापासून पळताही येत नाही आणि त्यांच्याशी झुंजताही येत नाही, त्यामुळे मध्यमवयात हा इशारा महिनोन्‌महिने चालू राहू शकतो. त्यातच कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक पहाटेकडे वाढू लागते.

खरी मेख त्या मोबाइलमध्ये आहे. खात्री केल्यावर मिळणारा क्षणभराचा दिलासा मेंदूला एवढेच शिकवतो की, पाहिले म्हणून आपण वाचलो, आणि पुढच्या वेळी तो अधिक जोराने तपासणी मागतो. देवळात एकदा कौल लावून माणूस निर्धास्त होतो. तोच कौल दिवसातून दहादा लावू लागला, तर शंका वाढेल की घटेल, हे सांगायला गुरवाची गरज नाही. म्हणूनच वर्तन-विचार उपचारपद्धतीत ही तपासणी हळूहळू लांबवायला शिकवतात आणि न तपासताही काही बिघडत नाही, याचा अनुभव मेंदूला घेऊ देतात. मिनिटाला सुमारे सहा संथ श्वास, त्यातही उच्छ्वास अधिक लांब ठेवल्यास, धडधड उतरायला मदत होते. रात्रीच्या ‘क्वार्टर’ने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते.

प्रत्येक धडधड चिंतेचीच असते असे मात्र नाही. हृदयविकार, थायरॉइडचा अतिस्राव, रक्तक्षय आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या आसपासचे संप्रेरकांचे चढउतार यांचीही लक्षणे अशीच असू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बहुतेक दिवस न आवरणारी चिंता सहा महिने टिकली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे ठाऊक नसल्याने अनेक जण ती मध्येच सोडतात. ‘याला रत्नागिरीला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) न्यायला हवे’ या थट्टेच्या धास्तीने कित्येक जण मनोविकारतज्ज्ञाची पायरीच चढत नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्यांना १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर घरबसल्या बोलता येते.

बागायतदार आता सकाळी सातला आणि सायंकाळी दिवेलागणीला, असा दोनदाच अंदाज पाहतात. पहिला आठवडा फार जड गेला, असे ते म्हणतात. मोबाइल रात्री पडवीतल्या फळीवर असतो.