चॉपर निवडताना आणि वापरताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विजेवर चालणारा छोटा चॉपर घ्यायला आलेल्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "किती वॅटचा घेऊ?" हा असतो. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक चॉपरांचा बिघाड मात्र वॅट कमी पडल्यामुळे झालेला नसतो. चॉपरला छोटा मिक्सर समजून वापरल्यामुळे तो झालेला असतो. हा फरक खरेदीच्या वेळीच ध्यानात आला तर निवड सोपी होते आणि नंतरचे हेलपाटेही वाचतात, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येक चॉपरच्या खोक्यात घालतो आणि अजून खरेदी न केलेल्यांनाही आवर्जून वाचायला देतो.

मिक्सरच्या जारमध्ये पाते तळाशी असते, मोटर मिनिटाला अठरा ते वीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरते आणि जिन्नस थोड्या पाण्यासह गोल फिरत वाटला जातो. चॉपरची पाती लांब असतात, ती दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर बसवलेली असतात आणि त्यांचे काम कापण्याचे असते. कापलेला तुकडा खाली पडून पुन्हा पात्याच्या वाटेत यावा लागतो, आणि त्यासाठी यंत्र मधे मधे थांबणे आवश्यक असते. शिवाय चॉपरची मोटर लहान, तिचा पंखा लहान आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच जवळजवळ बंद असल्यामुळे आत तयार होणारी उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणूनच सोबतच्या पुस्तिकेत सलग किती सेकंद चालवावे आणि मधे किती विश्रांती द्यावी हे छापलेले असते. बहुतेक यंत्रांसाठी ही मर्यादा अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते आणि नंतर एक-दोन मिनिटे थांबायचे असते.

बटण दाबून धरू नये

आमचा सर्वाधिक वेळ ज्या एका चुकीपायी जातो ती हीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. अर्ध्या लिटरच्या भांड्यात दोन मध्यम कांदे चार-चार फोडी करून टाकले आणि बटण जेमतेम सेकंदभर दाबून सोडले, की फोडींचे ओबडधोबड तुकडे होतात. तिसऱ्या दाबाला पोह्यांना चालेल असा कांदा मिळतो आणि पाचव्या-सहाव्या दाबाला आमटीच्या किंवा रश्श्याच्या फोडणीला लागतो तसा बारीक कांदा मिळतो. बटण सोडायचेच नाही असे ठरवले तर खालचे पाते काही सेकंदांतच तळाच्या कांद्याचा लगदा करते आणि वरचे तुकडे भांड्याच्या कडेला चिकटून जसेच्या तसे राहतात. वर मोठे तुकडे दिसतात म्हणून ग्राहक बटण आणखी दाबून धरतात. त्याने वरचा कांदा खाली येत नाही, खालचा मात्र पाणी सोडत जातो. अशा वेळी थांबावे, झाकण काढावे, कडेचा कांदा उलथन्याने खाली ढकलावा आणि आणखी दोन छोटे दाब द्यावेत.

"चॉपरने कांदा कडू होतो आणि परतला जात नाही" ही तक्रारही याच सवयीतून येते. लगदा झालेल्या कांद्यातील पाणी मोकळे होते, त्यामुळे तो तेलात परतला जाण्याऐवजी आधी बराच वेळ शिजत राहतो, आणि कच्चा वाटलेला कांदा कडवट व उग्र लागतो. कांदा कोणत्या हंगामाचा आहे यानेही फरक पडतो. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या नव्या लाल पोळ कांद्यात पाणी अधिक असते, म्हणून त्याला एक-दोन दाब कमी द्यावेत. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा अधिक घट्ट असतो आणि तो थोडे अधिक सोसतो.

मोटरच्या दृष्टीने सर्वांत घातक क्षण पाते अडकण्याचा असतो. गाजराचा जाड तुकडा किंवा कोबीचा दांडा पात्याखाली रुतला की मोटर फिरत नाही, पण वीज ओढतच राहते, आणि तीही फिरताना ओढते त्याहून कितीतरी अधिक. पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्यामुळे तोही थांबलेला असतो. बटण तसेच दाबून धरले तर वाइंडिंगवरचा, म्हणजे मोटरमधील तारेच्या गुंडाळीवरचा, लेप तापून जळका वास येतो, आणि अनेकदा तो वास आला तेव्हाच नुकसान झालेले असते. चांगल्या यंत्रात अतिताप झाल्यावर वीज तोडणारी सोय असते. ती काम करते तेव्हा चॉपर एकदम बंद पडतो आणि पुरेसा थंड होईपर्यंत चालू होत नाही. अनेक ग्राहक घाबरून तो लगेच आमच्याकडे घेऊन येतात, आणि दुकानात पोहोचेपर्यंत तो थंड होऊन व्यवस्थित चालू झालेला असतो. म्हणून आमची विनंती आहे की चॉपर अचानक बंद पडल्यास प्लग काढावा, भांडे रिकामे करावे, अर्धा तास वाट पाहावी आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. भांडे व झाकण खाचेत पूर्ण बसले नसेल तरीही अनेक चॉपर चालू होत नाहीत. तो बिघाड नसून बोटांच्या सुरक्षिततेसाठी केलेली सोय आहे.

याच संदर्भात आमच्या एका नियमाविषयी सांगणे भाग आहे. चॉपर तपासण्यासाठी आम्ही शुल्क घेतो आणि बिघाड न आढळल्यासही ते घेतो, याचे काहींना वाईट वाटते. परंतु कवच उघडणे, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन पाहणे, वाइंडिंग मीटरवर तपासणे आणि पुन्हा सर्व बसवणे यात कारागिराचा बराच वेळ जातो. दुरुस्ती करून घेतल्यास हे शुल्क बिलातून वजा होते. वाइंडिंग जळालेले यंत्र वॉरंटीत बसते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा असतो. आम्ही यंत्र पाठवतो आणि ग्राहकाची बाजूही मांडतो, पण अतिभाराने जळालेली मोटर सहसा नाकारली जाते, हे आम्ही विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगतो.

तारेचा की चार्जिंगचा

आता निवडीविषयी. चार्जिंगवर चालणारे छोटे चॉपर सहसा पाव लिटरच्या भांड्याचे असतात. 3.7 व्होल्ट आणि 1200 मिलिअँपिअर-तास अशी बॅटरी असेल, तर तिच्यात सुमारे साडेचार वॅट-तास ऊर्जा मावते. तीस वॅटच्या मोटरला ती कागदोपत्री नऊ मिनिटे पुरते आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. लसूण, आले, दोन-चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर किंवा एखाद्या लहान कांद्यासाठी हे यंत्र उत्तम आहे. वसतिगृहात राहणारे, एकट्याचा स्वयंपाक करणारे, किंवा सुरी धरताना हात दुखणारी वयस्कर मंडळी यांना आम्ही ते निःशंकपणे सुचवतो. परंतु चार माणसांच्या घरात रोजचा कांदा-टोमॅटो त्यावर काढायचा म्हटले, तर भांडे तीन-चार वेळा भरावे लागते आणि ग्राहक दोन महिन्यांत कंटाळून पुन्हा विळीकडे वळतात. अशा घरांसाठी तारेचा, 250 ते 400 वॅटचा आणि अर्धा ते पाऊण लिटर भांड्याचा चॉपर योग्य ठरतो. खिमा काढायचा असेल तर वरच्या वॅटचा घ्यावा, आणि मांस हाड व शिरा काढून, लहान तुकडे करून, थोडे-थोडे टाकावे.

खोक्यावरचा वॅटचा आकडा म्हणजे यंत्र किती वीज घेते याचा आकडा. ते किती चांगले कापते हे पात्याची धार, पात्यांची संख्या आणि पाते व भांड्याची कड यांतील अंतर यांवर अवलंबून असते. हे अंतर फार असेल तर कडेचे तुकडे कधीच कापले जात नाहीत, मग मोटर कितीही मोठी असो. वीजबिलाची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब असा : 300 वॅटचा चॉपर रोज एकूण पाच मिनिटे चालवला, तरी महिन्याकाठी पाऊण युनिट वीज लागते.

भांडे काचेचे घ्यावे की प्लास्टिकचे, याबाबत आमचे मत काचेच्या बाजूने आहे. काचेला लसणाचा वास आणि हळदीचा डाग राहत नाही. प्लास्टिक हलके असते आणि लहान मुलांच्या घरात सोयीचे असते. त्यात खडीसाखर, मिरी किंवा हळकुंड कधीही टाकू नये, कारण आतून ओरखडे उठतात आणि त्यांत अन्नाचा अंश अडकतो.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी, ती म्हणजे सुटे भाग मिळतात का. चॉपरमध्ये सर्वांत आधी झिजतो तो मोटर आणि पाते यांना जोडणारा प्लास्टिकचा कपलर. तो झिजला की मोटर फिरण्याचा आवाज येतो, पण पाते जागचे हलत नाही. कपलर स्वस्त असतो, मात्र तो बाजारात मिळत नसेल तर संपूर्ण यंत्र टाकून द्यावे लागते. आम्ही मोजकीच मॉडेल ठेवतो आणि ऑनलाइन दिसणाऱ्या काही चॉपरांपेक्षा आमची किंमत थोडी अधिक असते, याचे कारण हेच आहे : ज्या यंत्राचे पाते, भांडे आणि कपलर आमच्याकडे सुटे मिळू शकते, तेच यंत्र आम्ही विकतो. चार्जिंगच्या यंत्रात लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही आम्ही पाहून घेतो.

रोजच्या वापरातील काही बाबी

आधी पाते खुंटीवर बसवावे आणि मगच भाजी टाकावी. भाजी टाकून वरून पाते खोचल्यास ते अर्धवट बसते आणि कपलरचे कोपरे खाल्ले जातात. भांडे दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. मिरचीचे तीन तुकडे करावेत, कारण अख्खी मिरची पात्याभोवती फिरत राहते. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पूर्ण कोरडी करून घ्यावी, अन्यथा तिचा हिरवा चिखल होतो. भाजलेले शेंगदाणे पूर्ण गार झाल्यावर टाकावेत. तीन-चार दाबांत कोशिंबिरीला आणि साबुदाण्याच्या खिचडीला लागणारे भरड कूट मिळते, त्यापुढे चालवल्यास दाण्यांना तेल सुटून गोळा होतो.

काही कामे चॉपरला सांगू नयेत. उकडलेला बटाटा त्यात चिकट होतो, म्हणून पावभाजीसाठी तो मॅशरनेच कुस्करावा. खमंग काकडीसाठी काकडी विळीवर किंवा सुरीने चोचवलेलीच हवी; चॉपरमध्ये तिचे पाणी होते. भज्यांसाठी कांद्याचे लांब काप यातून निघत नाहीत. ओल्या नारळाचे वाटण, भिजवलेली डाळ आणि कोरडे मसाले ही मिक्सरची कामे आहेत. आपल्याकडे चांगला मिक्सर असेल आणि घरी दोनच माणसे असतील, तर एका कांद्यासाठी सुरी अधिक सोयीची पडते, हे आम्ही दुकानातही सांगतो. दोन-तीन कांदे, टोमॅटो, लसूण आणि मिरची रोज सकाळी डब्याच्या घाईत चिरावी लागत असेल, तर मात्र चॉपर घेतल्याचा उपयोग पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

मोटरचा भाग नळाखाली धरू नये, तो ओल्या फडक्याने पुसावा. चार्जिंगच्या चॉपरमध्ये चार्जिंगच्या खाचेतून पाणी आत गेले, तर आम्ही तो उघडून वाळवतो, पण बॅटरी ओली झालेली असल्यास ती पुन्हा वापरात आणत नाही, कारण त्यात आगीचा धोका असतो. पाते धुताना ते वरच्या प्लास्टिकच्या दांड्याला धरावे आणि साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. फेसात न दिसणाऱ्या पात्याने बोट कापते.

खरेदीपूर्वी चॉपर चालवून पाहायचा असल्यास दुकानातील प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर तो आम्ही दाखवतो, आणि आपल्या घरचे दोन कांदे सोबत आणल्यास अधिक बरे, म्हणजे आपल्याला हवा तसा कांदा किती दाबांत होतो ते समोरच दिसते. एकदा अन्न लागलेले भांडे आम्ही बदलून देत नाही, म्हणून ही खात्री आधीच करून घ्यावी. दुरुस्तीला आणताना केवळ मोटर न आणता भांडे, पाते, झाकण आणि बिल हे सर्व सोबत आणावे, कारण पाते आणि भांडे बसवल्याशिवाय कपलर झिजला आहे की मोटर कमी पडते आहे, हे तपासता येत नाही.