दाट शहर आणि उंच शहर: एकच समजू नका

नवं शहर कोऱ्या कागदावर आखायला घेतलं, की बहुतेकांची पेन्सिल आधी टॉवरकडे वळते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: वस्ती दाट हवी. लगेच दुसरा म्हणतो, दाटी नको, जीव गुदमरतो. पहिला उंचीबद्दल बोलतोय, दुसरा गर्दीबद्दल. घनता बाजूलाच राहिली.

गर्दीचं पटकन उरकू. खोलीमागे माणसं किती, ही गर्दी. हेक्टरमागे किती, ही घनता. विरळ वस्तीतही एका खोलीत सहाजण राहत असतील, तर गर्दी आहेच.

उंचीपाशी मात्र शिकलेसवरलेलेही फसतात. १०० बाय १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा भूखंड घ्या. त्यावर २५ बाय २५ मीटरचे, सतरा मजली दोन टॉवर उभे केले, तर एकूण चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ, २१,२५० चौरस मीटर. आता टॉवर पुसा. भूखंडाच्या चारही कडांनी १२ मीटर रुंदीची, पाच मजली इमारत फिरवा. चटईक्षेत्र २१,१२०. जवळजवळ तेवढंच! दोन्हीकडे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (चटईक्षेत्र भागिले जमीन), २.१, आणि पाच मजलीच्या पोटात ७६ बाय ७६ मीटरचं अंगण उरतं, ते वेगळंच.

टॉवर जमीन फारशी व्यापत नाही, पण उजेड, वारा आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी भोवती अंतर मागतो. ही सुटी जागा पुढे पार्किंगला जाते. वर जावं तसं लिफ्ट, जिने आणि पंपांच्या नळ्या प्रत्येक मजल्याचा मोठा वाटा खातात. १२ मीटर रुंदीच्या इमारतीत घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या मिळतात, आणि लिफ्ट बंद पडली तरी पाच मजले चढून जाता येतात. म्हणून टॉवर स्टेशनलगतच्या, इतर काही बसणारच नाही अशा तुकड्यांसाठी राखावा. सगळं शहर त्याच्यावर बेतणं मला चूकच वाटतं.

एक हिशेब हमखास चुकतो. २.१ हा आकडा फक्त भूखंडाचा आहे. चहूबाजूंच्या २० मीटर रस्त्यांची निम्मी रुंदी मोजली की जमीन १२० बाय १२० मीटर होते आणि निर्देशांक १.५ च्या आसपास उतरतो. शाळा, बागा धरल्या की आणखी खाली. दोन शहरांची तुलना करताना दोन्हीकडे रस्ते धरलेत की नाहीत, हे आधी विचारा.

पाच मजलीतही धोका आहे, आणि तो अंगणाला आहे. बार्सिलोनाच्या १८५९ च्या आराखड्यात इल्देफोन्स सेर्दा यांनी ११३ मीटरचे चौरस आखले. बहुतेक ठिकाणी दोनच बाजू बांधायच्या आणि मधे बाग ठेवायची, अशी योजना होती. प्रत्यक्षात चारही बाजू बांधल्या गेल्या आणि कित्येक अंगणांत गोदामं, कारखाने भरले. म्हणून नियमावलीत नुसता एफएसआय लिहून भागत नाही. जमिनीवरचं व्याप्त क्षेत्र कमाल किती, आणि अंगणाची किमान रुंदी किती, हे दोन आकडे त्याच ओळीत हवेत.