मालगुजारी वाडा (गावाचं कलादालन म्हणून)

पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, इंग्रजांच्या काळात गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराचं घर म्हणजे मालगुजारी वाडा. वऱ्हाडात रयतवारी होती (शेतकरी सारा थेट सरकारला भरायचे), तिकडे देशमुखांचे वाडे आणि गढ्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, उत्पन्न आटलं, पोरं शहरात गेली आणि बरेच वाडे कुलूप लागून पडले. तेच वाडे गावासाठी उघडून तिथं नाटकाच्या तालमी, भजन, चित्रांचं प्रदर्शन असं काही चालवायचं, त्याबद्दल ही नोंद.

जुन्या घराचं असं सार्वजनिक काम होणं वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. पवनारला धाम नदीकाठी जमनालाल बजाजांचा बंगला होता, १९३८ मध्ये विनोबा तिथं राहायला आले आणि पुढं आश्रम झाला, तिथं खोदताना निघालेल्या जुन्या मूर्ती आजही आवारातच बघायला मिळतात.

वाड्याची रचना या कामाला आयतीच आहे. समोर छपरी, आत चौक, भोवती ओसरी, मग दिवाणखाना. चौकात दंडार किंवा खडी गंमत (इकडचे लोकनाट्याचे प्रकार) लावली तर माणसं ओसरीवर तिन्ही बाजूंनी बसतात, वेगळं स्टेज लागत नाही. चित्रांचं मात्र जपून करावं लागतं. भिंती मातीच्या, दोन-दोन फूट जाड, उन्हाळ्यात मस्त गार पण पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून फ्रेम भिंतीला चिकटवायची नाही आणि खिळा तर अजिबात ठोकायचा नाही (पोपडाच निघून येतो), वरच्या सागवानी तुळईवरून तार सोडून भिंतीपासून चार बोटं लांब टांगायची. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिमेंटचं प्लास्टर, वरून चकाचक दिसतं पण ओल आत कोंडते आणि माती आतून भुसभुशीत होत जाते. तिथं चुनाच पाहिजे. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू (छपराची मातीची कौलं) फेरायलाच पाहिजे, कारण माकडं उड्या मारून फोडतात आणि एका फुटक्या कवेलूतून आलेलं पाणी अख्खी भिंत पाडू शकतं.

आता भिंतीवर काय लावायचं हा खरा प्रश्न. नुसते मालगुजाराचे फोटो आणि तलवारी लावल्या तर ते त्या घराण्याचं म्युझियम झालं. ज्यांचे आजे छपरीच्या पुढं कधी आले नाहीत, त्यांना आत यावंसं वाटलं पाहिजे, म्हणून झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या) नाटकांचे रंगवलेले पडदे, बुरडांचं बांबूकाम, भंडाऱ्याकडचं कोशाचं (टसर रेशमाचं) विणकाम हे दिवाणखान्यातच पाहिजे, मागच्या कोठीत नाही. किल्ली गावच्या पोट्ट्यांकडं असली तर अजून चांगलं.

कागदाचं काम कंटाळवाणं पण सगळ्यात आधीचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या कर आकारणीची नोंद) कधी कधी डझनभर वारसांची नावं असतात, सगळ्यांच्या सह्या घेऊन लांब मुदतीचा रजिस्टर करार केल्याशिवाय दुरुस्तीला एक रुपया लावू नये, नाहीतर उद्या एखादा वारस कोरीव खांबच विकायला काढतो आणि चौक उघडा पडतो.